बदलाची नोटीस कोणी कोणाला द्यायची?

कारखान्याच्या फाटकाजवळील फळ्यावर एके सकाळी एक कागद डकवलेला असतो. पाळीवर जाणारे कामगार क्षणभर थांबून तो वाचतात. अमुक तारखेपासून दोन खाती एकत्र होत आहेत, कामाची फेररचना होत आहे, सर्वांनी सहकार्य करावे. खाली सही असते, शिक्का असतो. हा निर्णय कोणाला विचारून झाला, याचा उल्लेख मात्र कोठेच नसतो.

काही दिवसांनी प्रशिक्षणाचा वर्ग भरतो. बाहेरून आणलेला सल्लागार सांगतो की बदल हा सृष्टीचा नियम आहे, जो बदलतो तोच टिकतो, म्हणून मनातील भीती काढून टाका. समोर बसलेल्या कामगाराच्या मनातील प्रश्न मात्र भीतीचे नसतात, हिशोबाचे असतात. काम किती वाढणार? पगार तेवढाच राहणार काय? शेजारी उभा राहून तेच काम करणाऱ्या कंत्राटी कामगाराचे काय होणार? यंत्रामुळे जो पैसा वाचणार तो कोणाच्या खिशात जाणार? या प्रश्नांची उत्तरे त्या वर्गात मिळत नाहीत. ती मिळू नयेत म्हणूनच तो वर्ग भरवलेला असतो, असे म्हटले तर ते फारसे चूक ठरणार नाही.

कामगारवर्ग हा बदलाचा शत्रू आहे, हा आरोप नवा नाही. मुंबईच्या गिरण्यांत तो शंभर वर्षांपूर्वीही होत होता. परंतु इतिहास नीट तपासला तर दिसते ते असे की, कामगारांचे भांडण बहुतेक वेळा बदलाशी नव्हतेच. बदलाच्या अटी एकट्या मालकाने ठरवाव्यात, त्याचा बोजा एकट्या कामगाराने उचलावा आणि फळ एकट्या भांडवलाने चाखावे, या व्यवस्थेशी ते होते. हा भेद विसरला की मालकवर्गाचे फावते. आणि तो चळवळीनेच विसरला तर चळवळीचे नुकसान होते.

दोन बाजू, तीन माग

१९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत जो प्रचंड संप झाला, त्याचे मूळ अशाच एका फेररचनेत होते. तिला त्या वेळी 'कार्यक्षमता पद्धत' असे भारदस्त नाव देण्यात आले होते. सूत कातणाऱ्या खात्यातील कामगार साच्याची एक बाजू सांभाळीत असे. त्याने आता दोन बाजू सांभाळाव्यात. विणकर दोन माग चालवीत असे. त्याने तीन चालवावेत. सुमारे दीड लाख कामगार एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत गिरणीबाहेर राहिले. डांगे, निंबकर, जोगळेकर, मिरजकर यांच्यासारखे गिरणी कामगार युनियनचे नेते आणि ना. म. जोशी यांच्यासारखे नेमस्त पुढारी संयुक्त संप समितीत एकत्र आले होते, यावरून प्रश्नाचे गांभीर्य कळून यावे.

कामगारांचे म्हणणे काय होते? दोन बाजू सांभाळणे अशक्य आहे, असे ते म्हणत नव्हते. कापूस हलका असेल तर सूत वारंवार तुटते आणि तुटलेला धागा सांधता सांधताच पाळी संपते. जुनी यंत्रे नीट दुरुस्त केलेली नसतील, खात्यातील हवा कोंदट असेल, तर तीन मागांवरील विणकराचे हाल कुत्रा खात नाही. अर्थात आधी कच्चा माल सुधारा, यंत्रे सुधारा, हवा-उजेड सुधारा, आणि मग कामाचे माप ठरवा. शिवाय एकाने दोघांचे काम केले तर दुसऱ्याने कोठे जायचे, हेही सांगा. हे म्हणणे अडाण्याचे नव्हते. गिरणी कशी चालते याचे पक्के ज्ञान त्यामागे होते. संपानंतर नेमलेल्या फॉसेट समितीने या प्रश्नांची महिनोन्महिने चौकशी केली आणि १९२९ साली अहवाल दिला. जो विषय मालकांनी एका नोटिशीत संपवला होता, त्यावर उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला एवढा काळ खर्च करावा लागला, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

परंतु त्याच संपाच्या संदर्भात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जो प्रश्न विचारला, तो टाळून पुढे जाता येणार नाही. विणकाम खात्यात मजुरी इतर खात्यांपेक्षा चांगली होती, आणि त्या खात्यात अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. कांडी बदलताना धोट्याच्या छिद्रातून सूत तोंडाने ओढावे लागे; अस्पृश्याने तोंड लावलेला धोटा सवर्ण विणकराला चालत नसे. म्हणजे ज्या जुन्या व्यवस्थेच्या रक्षणासाठी लाल बावट्याखाली संप चालला होता, ती जुनी व्यवस्था सर्वांसाठी सारखी रक्षणीय नव्हती. तोंड न लावता सूत ओवता येईल असा धोटा हा एक तांत्रिक बदलच होता, आणि ज्याला त्या खात्याचे दार बंद होते त्याच्या दृष्टीने तो इष्ट बदल होता.

'जुने ते राखा' एवढीच घोषणा कामगार चळवळीला पुरत नाही, हा या प्रकरणाचा धडा आहे. प्रत्येक कामाच्या जागी जुन्या व्यवस्थेतही कोणीतरी वरच्या पायरीवर बसलेला असतो आणि कोणीतरी दाराबाहेर उभा असतो. बदलाला सामोरे जाताना संघटनेने पहिला प्रश्न दाराबाहेरच्या माणसाविषयी विचारला पाहिजे.

१९५७ ची तीन तत्त्वे

स्वातंत्र्यानंतर या प्रश्नाचे एक समंजस उत्तर कागदावर तरी आले होते. १९५७ साली भरलेली पंधरावी भारतीय श्रम परिषद किमान वेतनाच्या निकषांसाठी प्रसिद्ध आहे. पण त्याच परिषदेत सुसूत्रीकरणाविषयीही सरकार, मालक आणि कामगार यांच्यात तीन तत्त्वांवर एकमत झाले होते. सुसूत्रीकरणामुळे कामावर असलेल्या कोणाची छाटणी होऊ नये वा कमाई घटू नये; निवृत्ती, राजीनामा, मृत्यू अशा स्वाभाविक कारणांनीच संख्या कमी व्हावी. होणाऱ्या लाभाचे समाज, मालक आणि कामगार यांच्यात न्याय्य वाटप व्हावे. कामाचे माप उभयपक्षी मान्य अशा तज्ज्ञाने ठरवावे आणि कामाची परिस्थितीही सुधारावी.

या तीन वाक्यांत सारा विषय आला आहे. आजच्या सल्लागारांची जाडजूड पुस्तके त्यापलीकडे फारशी जात नाहीत. उलट दुसऱ्या तत्त्वाचा उच्चार ती कटाक्षाने टाळतात.

या तत्त्वांचे पुढे काय झाले, याचे उत्तर परळ-लालबागच्या रस्त्यांवर मिळते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. मुंबईच्या गिरण्यांचे आधुनिकीकरण वर्षानुवर्षे रखडले होते आणि कापड यंत्रमागांकडे सरकत होते. म्हणजे बदल चालूच होता, फक्त तो गिरणीच्या भिंतीबाहेर चालला होता आणि त्याची नोटीस कोणाला मिळाली नव्हती. संप रीतसर मागे घेतला गेला नाही. तो झिजत गेला आणि हजारो कुटुंबे उघड्यावर आली. त्यानंतर खरे धन यंत्रांत नव्हते, जमिनीत होते, हे उघड झाले. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीची वाटणी महापालिका, म्हाडा आणि मालक यांच्यात करण्याचे सूत्र घातले. २००१ साली ते सूत्र बदलून वाटणी केवळ मोकळ्या जागेपुरती उरली आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम केला. चिमण्या गेल्या, मनोरे उभे राहिले. १९५७ च्या दुसऱ्या तत्त्वातील 'न्याय्य वाटप' या शब्दांचा यापेक्षा मोठा उपहास शोधून सापडणार नाही.

बँकांतील दोन टप्पे

बँकांचा अनुभव वेगळा आहे आणि म्हणून अधिक विचार करण्याजोगा आहे. संगणकाला बँक व विमा कर्मचाऱ्यांचा कडवा विरोध होता. त्याची आज टिंगल केली जाते. वास्तविक त्या विरोधाने एक मोलाची गोष्ट मिळवली, ती म्हणजे वेळ. आणि वाटाघाटीच्या मेजावरील जागा. १९८३ साली यांत्रिकीकरणाविषयी बँक व्यवस्थापन व संघटना यांच्यात करार झाला, पुढे १९८७ आणि १९९३ साली नवे करार झाले. यंत्रे टप्प्याटप्प्याने आली. ती चालवणाऱ्याला विशेष भत्ता मिळाला. खातेवहीवर वाकून बसणारा कारकून पडद्यासमोर बसायला शिकला, आणि उत्तम शिकला. ज्याला जुळवून घेता येत नाही असे म्हटले जात होते, त्याने एका पिढीच्या आत सारा व्यवहार नव्या पद्धतीवर नेऊन दाखवला. नोकरीची हमी असली की माणूस नवे शिकायला भीत नाही, हे या अनुभवाने सिद्ध केले.

परंतु या कहाणीला दुसरा टप्पाही आहे. २००१ च्या सुमारास स्वेच्छानिवृत्तीच्या योजनेतून सार्वजनिक बँकांतील सुमारे एक लाख कर्मचारी बाहेर पडले. पुढे विलीनीकरणाची लाट आली. २०१७ साली सत्तावीस असलेल्या सार्वजनिक बँका १ एप्रिल २०२० रोजी बारा उरल्या. दरम्यान खेड्यापाड्यांतील खाती उघडण्याचे, पैसे देण्या-घेण्याचे काम बँकमित्र नावाच्या कमिशनवरील माणसाकडे गेले. तो बँकेचे काम करतो, पण बँकेचा कर्मचारी नव्हे. करारांनी आतल्यांचे रक्षण केले; कामच बाहेर गेले तेव्हा करार आत राहिले. १९२८ च्या विणकाम खात्याचे दार येथे वेगळ्या रूपाने पुन्हा दिसते.

दूरसंचार क्षेत्रातही हेच घडले. १ ऑक्टोबर २००० रोजी सरकारी खात्याची कंपनी झाली. २०१९ च्या स्वेच्छानिवृत्ती योजनेतून भारत संचार निगमचे ७८ हजारांहून अधिक कर्मचारी ३१ जानेवारी २०२० रोजी एकाच दिवशी घरी गेले. मुंबई आणि दिल्लीच्या महानगर टेलिफोन निगममधील चौदा हजारांहून अधिक त्यांच्या सोबत गेले. 'स्वेच्छा' हा शब्द येथे तपासून घेतला पाहिजे. पगार महिनोन्महिने लांबतो, भवितव्याची खात्री कोणी देत नाही, आणि त्याच वेळी निवृत्तीचा अर्ज समोर ठेवला जातो, तेव्हा इच्छा कोणाची असते?

एकवीस दिवस आणि पंधरा दिवस

कायदा याबाबत काय म्हणतो? १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५६ साली नववे 'अ' कलम आले. वेतन, कामाचे तास, पाळ्या, छाटणी होण्याजोगे सुसूत्रीकरण अशा बाबतींत बदल करायचा तर मालकाने एकवीस दिवसांची नोटीस द्यावी, असे ते कलम होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेतही एकवीस दिवसांची तरतूद कायम आहे. परंतु नोटीस म्हणजे संमती नव्हे. निर्णय आधी होतो आणि नोटीस नंतर लागते. एकवीस दिवस हा चर्चेचा काळ न राहता वाट पाहण्याचा काळ होतो.

त्याच संहितेने दुसरीकडे दोन गोष्टी केल्या. ले-ऑफ, छाटणी वा टाळेबंद न करता कायमचे कुलूप लावणे यांसाठी सरकारची पूर्वपरवानगी घेण्याचे बंधन पूर्वी शंभर कामगारांच्या कारखान्याला होते, ते तीनशेवर नेले. आणि पूर्वी मुख्यतः सार्वजनिक उपयुक्ततेच्या सेवांना असलेली संपाच्या नोटिशीची अट सर्व उद्योगांना लागू केली. म्हणजे मालकाची वाट रुंद झाली, कामगाराची अरुंद. याच्या बदल्यात छाटणी झालेल्या कामगाराला नवे कौशल्य शिकण्यासाठी एक निधी ठेवला आहे. त्यात मालकाने दर कामगारामागे पंधरा दिवसांच्या पगाराएवढी रक्कम भरायची आहे. वीस वर्षे लेथवर उभ्या राहिलेल्या माणसाने पंधरा दिवसांच्या पगारात नवा धंदा शिकावा, घर चालवावे आणि नवी नोकरीही शोधावी, अशी अपेक्षा आहे. 'जुळवून घ्या' या उपदेशाची किंमत राज्यकर्त्यांच्या लेखी किती आहे, हे या आकड्यावरून कळते.

येथे एका जुन्या कायद्याची आठवण करून देणे उपयुक्त ठरेल. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याच्या बेचाळिसाव्या कलमात बदलाची नोटीस दोन्ही बाजूंनी देता येत असे. मालकाला बदल हवा असेल तर त्याने द्यावी. कामगारांना बदल हवा असेल तर त्यांच्या प्रतिनिधीने मालकाला द्यावी. त्या कायद्याने मान्यताप्राप्त युनियनच्या नावाखाली गिरणी कामगारांवर नको ते नेतृत्व लादले, ही गोष्ट खरी आहे आणि १९८२ च्या संपामागे ती सल होतीच. तरीही 'कामगारही बदलाची नोटीस देऊ शकतो' हा विचार जपून ठेवण्यासारखा आहे.

काम कोणाला कळते?

हा विचार स्वप्नाळू वाटत असेल तर 'नियमानुसार काम' या आंदोलनाचे उदाहरण घ्यावे. या आंदोलनात कर्मचारी कामाला नकार देत नाहीत. लेखी नियमात जेवढे सांगितले आहे तेवढेच आणि तसेच करतात. आणि तेवढ्यानेच टपाल तुंबते, गाड्या रखडतात, खिडकीसमोर रांगा लागतात. याचा अर्थ असा की कोणतीही संस्था कागदावरील नियमांनी चालत नाही. कर्मचाऱ्यांनी अनुभवाने मिळवलेल्या, कोठेही न लिहिलेल्या ज्ञानावर ती चालते. जी फेररचना या ज्ञानाला विचारल्याशिवाय आखली जाते ती अन्याय्य असतेच, शिवाय बहुधा फसतेही; आणि फसली की दोष कामगाराच्या मनोवृत्तीला दिला जातो.

स्वीडनने १९७६ साली केलेल्या कायद्यात, महत्त्वाचा बदल करण्याचा निर्णय घेण्यापूर्वी मालकाने स्वतः होऊन युनियनशी वाटाघाट केली पाहिजे, असे बंधन घातले. नॉर्वेच्या धातुकामगार युनियनने तर १९७० च्या दशकाच्या आरंभी संशोधकांच्या साहाय्याने संगणकाचा स्वतः अभ्यास केला आणि त्या बळावर मालकांशी करार केले. आपल्याकडेही उदाहरणे आहेत. विडी कामगारांच्या कायद्याची अंमलबजावणी टाळण्यासाठी मालकांनी काम बंद केले, तेव्हा १९६९ साली कण्णूर येथे केरळ दिनेश बिडी ही कामगारांची सहकारी संस्था उभी राहिली. पुढे विडीचा खप घसरू लागला, तेव्हा याच संस्थेने खाद्यपदार्थ, छत्र्या, कपडे असे नवे उद्योग काढले. मुंबईतील कमानी ट्यूब्स १९८५ साली बंद पडली. १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने कामगारांच्या सहकारी संस्थेची योजना मान्य केली आणि कारखाना पुन्हा सुरू झाला. तो काही वर्षांनी पुन्हा अडचणीत आला आणि टिकला नाही, हेही सांगितले पाहिजे. भांडवलाच्या बाजारात एकाकी बेट फार काळ तग धरीत नाही. परंतु कामगारांना कारखाना कळत नाही, हा आक्षेप या प्रयोगांनी कायमचा खोटा ठरवला.

संघटनेपुढील काम

तेव्हा कार्यकर्त्यांनी काय करावे? फळ्यावर नोटीस लागल्यावर फाटकसभा घेणे आवश्यकच आहे, पण तोपर्यंत उशीर झालेला असतो. नवे यंत्र कोठून येणार, कोणते खाते कोठे जाणार, कोणते काम कंत्राटावर जाणार, याची माहिती युनियनने आधी मिळवली पाहिजे, आणि ती मागण्याचा हक्क करारात लिहून घेतला पाहिजे. कामाचे माप घड्याळ घेऊन उभ्या राहणाऱ्या मालकाच्या माणसाने ठरवू नये. उभयपक्षी मान्य तज्ज्ञाने ठरवावे आणि काही महिन्यांच्या चाचणीनंतर त्याचा फेरविचार व्हावा. प्रशिक्षण कामाच्या वेळेत आणि पूर्ण पगारी असावे. पन्नाशीच्या कामगाराला आणि घर सांभाळून येणाऱ्या बाईला ते वगळू नये. यंत्राने वेळ वाचवला असेल तर त्यातील काही वेळ कामाचे तास घटवून कामगाराला परत मिळाला पाहिजे. आणि या प्रत्येक कलमात कंत्राटी, बदली, रोजंदारी कामगाराचे नाव असले पाहिजे. ज्या करारात त्यांचे नाव नाही, तो करार उद्याच्या फेररचनेला आजच दिलेली परवानगी आहे.

हे साधायचे तर संघटनेलाही स्वतः बदलावे लागेल. बाहेरचा वकील आणि जुना पुढारी यांच्या भरवशावर वाटाघाटी चालवणारी युनियन ताळेबंद वाचू शकत नसेल, नव्या यंत्राचे काम समजून घेत नसेल, तिच्या कार्यकारिणीत कंत्राटी कामगाराला आणि स्त्रियांना जागा नसेल, तर मालकाला 'जुळवून घ्या' असे सांगणारा सल्लागार लागतच नाही. काळच तिला बाजूला सारतो.

बदल येणारच आहेत. प्रश्न एवढाच आहे की फळ्यावरचा कागद नेहमी एकाच हाताने लिहिलेला असावा काय. ज्या खात्यात कामगारांनी एकत्र बसून आपल्या कामाचा स्वतः अभ्यास केला, काय बदलावे आणि कोणत्या अटींवर, हे लिहून काढले आणि त्या कागदावर कंत्राटी कामगाराचीही सही घेतली, त्या खात्यापुरते तरी या प्रश्नाचे उत्तर मिळाले असे म्हणता येईल. पुढच्या खातेसभेच्या विषयपत्रिकेवर हा एक विषय घालायला कोणाच्या परवानगीची गरज नाही.